कोड दिसतं, थायरॉईड दिसत नाही

मंडळी, आज जरा नाजूक विषय. मुलीच्या ओठाजवळ पांढरा डाग दिसला की घरात पहिला प्रश्न येतो, "आता हिच्या लग्नाचं कसं?" दुसरा, "दुधावर मासे खाल्ले होते का?" आणि "थायरॉईड तपासला का?" हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर तेच आधी विचारायला हवं.

कोड हा नुसता कातडीचा डाग नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या आपल्याच पेशींवर उलटते. त्या मरतात आणि तेवढी जागा पांढरी पडते. कुंपणानेच शेत खाल्लं, असा प्रकार. हे कुंपण कधी कधी दुसऱ्या वावरातही तोंड घालतं. सगळ्यात जास्त वेळा थायरॉईडमध्ये. काहींना केसांची चाई लागते, काहींना टाइप १ मधुमेह होतो, काहींचं बी-१२ पोटातून शोषलंच जात नाही.

घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. कोड असलेल्या बहुतेकांना यातलं दुसरं काही होतही नाही. पण ज्यांना होतं, त्यांचा थकवा, वाढतं वजन, गळणारे केस, अनियमित पाळी हे सगळं "डागाचं टेन्शन घेतलंय तिने" म्हणून सोडून दिलं जातं. टीएसएच ही साधी रक्ततपासणी आहे. थायरॉईड कमी निघाला तर रोजची एक गोळी पुरते.

पण तपासणी होणार कशी? आपण डागच लपवतो! मुलगी पूर्ण बाह्यांचे कपडे घालते, आई गुपचूप कुठल्या तरी वैदूकडे नेते. काही लोक अजूनही "पांढरं कुष्ठ" म्हणतात. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, कोडाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. कोड शिवून पसरत नाही, ताटात जेवून पसरत नाही.

त्यात "महिन्यात डाग गायब, गॅरंटी" आणि "इम्युनिटी वाढवा, कोड घालवा" वाले आहेतच. अहो, इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, तिचा नेम चुकलाय! कोड बरं करण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने बंदी आहे. अशी जाहिरात दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी 'श्वेता असोसिएशन'मधून या विषयावर उघडपणे बोलायला सुरुवात केली. त्यांना स्वतःला कोड आहे. २००६ मध्ये 'नितळ' सिनेमा आला, त्याची नायिका कोड असलेली डॉक्टर होती. मग आपल्या नाशकात एवढी शांतता का? राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आपल्या दारात आहे. २५ जूनला जागतिक कोड दिन असतो. त्या दिवशी सिव्हिलमध्ये आणि तालुक्याच्या रुग्णालयांत कोड असलेल्यांची मोफत थायरॉईड तपासणी ठेवायला काय हरकत आहे? लोकप्रतिनिधींनी वाढदिवसाच्या बॅनरचा खर्च इकडे वळवला तरी भागेल.

तोवर एवढं करा. घरात कुणाला कोड असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या आणि थायरॉईडचं आवर्जून विचारा. लग्नाचं नंतर बघू.