वाघ आणि वाघोबा : व्याघ्रवाचक शब्दसंपत्तीच्या अभ्यासाची दिशा

मराठीतील म्हणी व वाक्प्रचार यांचा विद्यापीठीय अभ्यास बहुधा कोशापासून सुरू होतो आणि कोशापाशीच संपतो. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’तून व ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’तून नोंदी निवडायच्या, त्यांची प्राणीविषयक, शेतीविषयक, नातेविषयक अशी वर्गवारी करायची आणि प्रत्येक वर्गाखाली ‘यातून लोकजीवनाचे प्रतिबिंब दिसते’ असा निष्कर्ष नोंदवायचा, ही पद्धती आता रूढ झाली आहे. म्हणींचा व्यवहार कधीच पूर्ण झाला असून आता केवळ मोजदाद उरली आहे, असे या पद्धतीत गृहीत धरलेले असते. वाघासंबंधीच्या शब्दसंपत्तीपुरते तरी हे गृहीत टिकणारे नाही आणि वर्धा जिल्ह्यात तर मुळीच नाही. चिनी व जपानी भाषांतील व्याघ्रविषयक शब्दप्रयोगांशी मराठीची तुलना केल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते.

प्रथम जपानीचे उदाहरण घ्यावे. ऐतिहासिक काळात जपानच्या भूमीवर वन्य वाघ नव्हता. तेथील चित्रकारांनी वाघ रंगविले ते आयात कातडी, चिनी चित्रे आणि घरातील मांजर यांच्या आधारे. असे असूनही ‘तोरा’, म्हणजे वाघ, या शब्दाभोवती जपानीत मोठा संसार उभा आहे. जिवापाड जपलेल्या वस्तूला किंवा गाठीशी राखलेल्या पैशाला ‘तोरा नो को’, वाघाचे पिल्लू, म्हणतात. नुसताच रुबाब दाखविणाऱ्या माणसाला ‘हारिको नो तोरा’, कागदाच्या लगद्याचा मान हलविणारा वाघ, म्हणतात. विद्यार्थ्यांच्या तयार उत्तरांच्या पुस्तकाला, आपल्याकडच्या ‘गाईड’ला, ‘तोरा नो माकी’ म्हणजे ‘वाघाची गुंडाळी’ असे नाव आहे. प्राचीन चिनी युद्धशास्त्रविषयक ग्रंथाच्या ‘व्याघ्र’ नामक विभागाशी त्याचा संबंध जोडला जातो. जपानी वाघाचा बराचसा भाग असा ग्रंथांतून आलेला आहे. त्याच्या अभ्यासाला कोश आणि ग्रंथालय पुष्कळ अंशी पुरेसे आहे, कारण त्याला दुसरे रान नव्हतेच.

चीनची स्थिती निराळी आहे. तेथे वाघ होता आणि पुष्कळ होता. आज ईशान्येकडील प्रदेशात थोडे वाघ आहेत. दक्षिण चीनमधील जात वन्य स्थितीत संपल्यातच जमा आहे. परंतु भाषेने त्याला सोडलेले नाही. युद्धमान राज्यांच्या काळातील कथांच्या संग्रहातून आलेले दोन वाक्प्रचार प्रसिद्ध आहेत. पहिला ‘हू ज्या हू वेई’, म्हणजे कोल्ह्याने वाघाचा दरारा उसना घेणे. कोल्हा पुढे चालतो, मागे वाघ असतो; जनावरे पळतात ती वाघाला भिऊन, श्रेय मात्र कोल्हा घेतो. याला मराठी प्रतिशब्द म्हणून ‘वाघाचे कातडे पांघरलेले गाढव’ देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पंचतंत्रातल्या गाढवाच्या अंगावर मेलेल्या वाघाचे कातडे आहे. ते ओरडले की सोंग उघडे पडते. चिनी कोल्ह्यामागचा वाघ जिवंत आहे आणि आपला वापर होत आहे हे त्याला ठाऊक नाही. एका कथेत ढोंगाचा उपहास आहे, तर दुसरीत सत्तेच्या सावलीत वावरणाऱ्यांचे राजकारण आहे. प्राणी समान असला म्हणजे अर्थ समान होतो, ही तौलनिक अभ्यासातील सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी वाट होय.

वाघावर स्वार होण्याची प्रतिमा हेच सांगते. चिनी भाषेत वाघावर बसणे म्हणजे उतरण्याची सोय नसलेल्या संकटात सापडणे. अलीकडच्या मराठी राजकीय लेखनातही हा अर्थ रुळला आहे. परंतु मराठी मनातला वाघावरचा पहिला स्वार चांगदेव आहे. हातात सर्पाचा चाबूक घेऊन तो ज्ञानदेवांच्या भेटीस आला आणि ज्ञानदेवांनी निर्जीव भिंत चालविली, असे आख्यायिका सांगते. येथे वाघावर बसणे संकट नसून सिद्धीचे प्रदर्शन आहे आणि त्या प्रदर्शनाचा गर्व उतरविणे हा कथेचा हेतू आहे. ‘उतरणे’ हे क्रियापद दोन्हीकडे आहे. चिनी स्वाराला ते जमत नाही, मराठी स्वाराला ते शिकविले जाते.

दुसरा चिनी वाक्प्रचार वर्ध्याच्या वाचकाला अधिक जवळचा वाटेल. ‘सान रेन छंग हू’, तीन माणसे मिळून वाघ होतो. वेई राज्याचा मंत्री राजाला विचारतो : बाजारात वाघ आला असे एकाने सांगितले तर विश्वास ठेवाल का? राजा नाही म्हणतो. दोघांनी सांगितले तर? शंका येईल. तिघांनी सांगितले तर? मग खरे मानावे लागेल. अफवा पुनरुक्तीने सत्य होते, हे तात्पर्य. पण ते उभे आहे ते एका गृहीतावर : बाजारात वाघ येणे उघडच अशक्य आहे. हे गृहीत नगरवासीयाचे आहे.

बोरच्या जंगलालगत राहणाऱ्या माणसाजवळ ते नाही. १९७० मध्ये अभयारण्य झालेल्या आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेल्या बोरचे क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या अशा प्रकल्पांत अगदी लहान. वाघाला ते पुरत नाही आणि शेत जंगलाच्या काठाशीच आहे. २०१७ मध्ये ब्रह्मपुरी परिसरात पकडलेली एक वाघीण बोरमध्ये सोडण्यात आली. नंतर माणसे दगावली, तिला ठार मारण्याच्या आदेशावरून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वाद झाला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यातच एका शेताच्या कुंपणातील विजेच्या धक्क्याने ती मरण पावली. त्या दिवसांत ‘वाघ आला’ हे वाक्य ऐकणाऱ्याला तीन साक्षीदारांची वाट पाहण्याची चैन परवडणारी नव्हती. चिनी म्हण जे वाक्य अफवेचा नमुना म्हणून वापरते, तेच वाक्य येथे जागलीला गेलेल्या शेतकऱ्याच्या जिवाचा प्रश्न असते.

आता मराठीतील सर्वपरिचित म्हण पाहावी : ‘वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो.’ वर्गपाठात तिचा अर्थ ‘दुष्टाशी नम्रतेने वागूनही उपयोग नाही’ असा सांगितला जातो. तो चूक नाही, पण अपुरा आहे. या म्हणीच्या पोटात एक प्रथा दडलेली आहे. रानात वाघाचे नाव थेट घेऊ नये, ‘जनावर’ म्हणावे, आदरार्थी बोलावे, देव मानून पूजावे, हा संकेत मान्य असल्याखेरीज ‘वाघोबा’ म्हणण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वाघोबा व वाघदेव यांची ठाणी आणि वाघबारस या प्रथेची साक्ष देतात. म्हणजे म्हण हे प्रथेचे प्रतिबिंब नसून प्रथेवरील टीका आहे. एकाच समाजात एक आवाज वाघोबाला हात जोडतो आणि दुसरा विचारतो की याने काय साधते. ‘लोकजीवनाचे प्रतिबिंब’ या ठरीव वाक्यात हा वाद पुसला जातो.

येथेही तुलना सावधपणे करावी लागते. चिनीत वाघाला ‘लाओहू’ म्हणतात. ‘लाओ’चा मूळ अर्थ वृद्ध, वडीलधारा. त्यावरून ‘वाघोबा’शी साम्य दिसते. परंतु तेच उपपद चिनीत उंदरालाही लागते आणि मराठीतही ‘कोल्होबा’ व ‘लांडगोबा’ आहेत. प्रत्यय आदराचा आहे, भीतीचा आहे की गोष्टीतल्या लाडाचा, हे प्रत्ययाकडे पाहून ठरत नाही. तो कोण, कोठे आणि कोणत्या वेळी उच्चारतो यावर ठरते. ही माहिती कोशातील नोंद देऊ शकत नाही. ‘वाघ’ या शब्दाची व्याप्तीही अशीच आहे. बोलीत तो पट्टेरी वाघालाही चालतो आणि बिबट्यालाही. वेळ येते तेव्हाच ‘ढाण्या’, ‘पट्टेरी’ अशी विशेषणे लागतात. ही वेळ कोणती, हे सांगणारा भाषिक रानाच्या काठावर आहे.

शब्दप्रयोग आजही सरकतात याचे आणखी एक उदाहरण ‘वाघिणीचे दूध’ हे होय. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावे सांगितला जाणारा हा प्रयोग इंग्रजी भाषेसाठी होता. आंबेडकरी चळवळीत तो शिक्षणासाठी रूढ झाला. परकीय विद्येच्या बळाचे रूपक वंचितांच्या हक्काचे रूपक झाले. कोशात दोन्ही अर्थ शेजारी ठेवता येतील, पण त्यांच्यामधले सामाजिक अंतर अभ्यासकालाच मोजावे लागेल.

या कामावर दोन आक्षेप संभवतात. बोलीतील शब्दांचे संकलन हे लोकसाहित्याचे किंवा मानवशास्त्राचे काम आहे, मराठी विभागाचे नव्हे, हा पहिला. परंतु ‘वाघोबा’तील प्रत्ययाचा, ‘जनावर’मधील अर्थसंकोचाचा आणि म्हणीतील उपरोधाचा निर्णय भाषेच्या अभ्यासकाने करायचा नाही, तर कोणी करायचा? एका जिल्ह्याच्या सामग्रीला व्यापक महत्त्व नाही, हा दुसरा. वर्ध्याच्या बाबतीत तो विशेषच लंगडा आहे. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू १९३३ मध्ये गांधीजींना वर्ध्यात भेटले आणि त्यांच्या संप्रदायाचा मंत्र पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत आला. गांधीजींच्या संग्रही असलेली तीन माकडे मूळची जपानी कल्पना. जपानीत ती ‘झारु’ हा नकार आणि ‘सारु’ हे माकड यांच्या श्लेषावर उभी आहे. भारतात माकडे आली, श्लेष आला नाही. एका भाषेतील प्राणी दुसरीत जाताना काय गळते याचा नमुना या जिल्ह्याच्या परिचयाचाच आहे.

आज गावातली भाषाही बदलते आहे. ‘मानव-वन्यजीव संघर्ष’, ‘नुकसानभरपाई’, ‘पंचनामा’, ‘झटका मशीन’ हे शब्द वाघाच्या बोलण्यात शिरले आहेत. त्यांचा तिटकारा करण्याचे कारण नाही; तीही आजची व्याघ्रवाचक मराठीच आहे. मात्र जुना शब्द कोठे टिकतो, कोठे मागे सरतो आणि अर्ज लिहिताना तोच माणूस ‘वाघोबा’ ऐवजी काय लिहितो, हे आताच नोंदविता येईल. सेलू, कारंजा, आष्टी या तालुक्यांतील ढोरकी, मोहफुले व तेंदूपत्ता वेचणाऱ्या स्त्रिया, जागलीला जाणारे शेतकरी यांच्याकडून वक्ता, स्थळ आणि प्रसंग यांच्या नोंदीसह शब्द गोळा करणे हा पदव्युत्तर प्रबंधिकेचा विषय होऊ शकतो, आणि जवळच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे घरच त्या गावांत आहे. ज्या भाषेपुढे वाघ चित्रात आणि ग्रंथात आला, तिचा अभ्यास ग्रंथालयात बसून होऊ शकतो. ज्या भाषेपुढे तो अजून बांधावर उभा राहतो, तिच्या अभ्यासकांनी बांधापर्यंत तरी गेले पाहिजे.