एडिटर नवा, पण लिहिणार कोण?

एका ओळखीच्या संस्थेच्या वेबसाइटवर गेल्या वर्षी मी नवा एडिटर बसवला. आम्ही तीन इंजिनिअरांनी लॅपटॉपवर तपासला आणि 'मस्त आहे' म्हणून मोकळे झालो. पुढचे दोन महिने नांदेड-लातूरहून एकही लेख आला नाही. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट मात्र यायच्या. त्या ऐकून आम्हीच लेख लिहायचो.

शेवटी नांदेडच्या इतवाऱ्यात गेलो, मग लातूरला. पाच जणांना त्यांच्याच मोबाइलवर काम दिलं: मोहल्ल्याबद्दल चार ओळी लिहा, फोटो लावा, प्रसिद्ध करा. मी फक्त बघायचं, बोलायचं नाही. (इंजिनिअरला हे फार जड जातं.)

निवृत्त शिक्षक असलेल्या चाचांनी मराठी परिच्छेदात एक उर्दू वाक्य लिहिलं. शेवटचं उद्गारचिन्ह उडी मारून पहिल्या शब्दाशेजारी जाऊन बसलं. "बेटा, मेरी कुछ गलती हुई क्या?" लातूरच्या डीटीपीवाल्या भाईंनी जुन्या फॉन्टमधला मजकूर पेस्ट केला, तर स्क्रीनवर नुसता अक्षरांचा कचरा. बारावीतल्या मुलीनं झकास लिहिलं, पण कीबोर्ड उघडला की 'प्रसिद्ध करा' हे बटण झाकलं जायचं. तिनं मजकूर कॉपी करून मलाच व्हॉट्सअॅप केला. उरलेले दोघं फोटोपर्यंत पोचलेच नाहीत. अधिकचं चिन्ह दाबायचं असतं हे त्यांना कसं कळावं?

जेकब निल्सन यांनी 2000 साली लिहिलं की पाच जणांसोबत चाचणी केली तरी बहुतेक अडचणी दिसतात. पण वापरणारे वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर प्रत्येक गट वेगळा तपासा, असंही त्यांनीच सांगितलं. हे दुसरं वाक्य आम्ही सोयीनं विसरतो. वर्डप्रेसचा गुटेनबर्ग एडिटर 6 डिसेंबर 2018 ला 5.0 आवृत्तीसोबत आला. त्याच्याही चाचण्या झाल्या होत्या. तरी अपंगांना तो वापरता यावा म्हणून झटणाऱ्या गटाच्या प्रमुखांनी त्याच ऑक्टोबरात राजीनामा दिला होता.

'आपल्या लोकांना टेक्निकल जमत नाही' हे वाक्य मीही बोललोय. चाचांनी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, भाईंनी अर्ध्या शहराच्या लग्नपत्रिका टाइप केल्या. न जमणारे आम्ही होतो. आणि त्यात त्यांच्या मोहल्ल्याची गोष्ट पुण्यात बसलेल्या माझ्या शब्दांत छापली जात होती.

बटण आता वर नेलंय. भाईंसाठी युनिकोड कन्व्हर्टर जोडलाय. चाचांचं उद्गारचिन्ह अजून अधूनमधून उडी मारतं. ते घेऊन पुढच्या रविवारी पुन्हा इतवाऱ्यात जातोय.