२९ पीएसआय, पण किती वाजताचे?

मे महिन्यात आठवडाभर राजुऱ्याला घरी होतो. जाताना बाबांच्या बाईकसाठी एक खेळणं घेऊन गेलो : टीपीएमएस. व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे दोन सेन्सर, आणि दोन्ही चाकांची हवा थेट मोबाईलवर. बाबांकडे पेनासारखा एक जुना गेज आहे, त्यावर त्यांचा भारी विश्वास. "काय पाहून राहिला तू त्या मोबाईलमधी?" एवढंच ते म्हणाले.

तर झालं असं. भर दुपारी बल्लारपूरहून वर्धेचा पूल ओलांडून घरी आलो, तर मागच्या चाकात ३४ पीएसआय! कंपनीचा आकडा २९. मी शहाणपणा करून अंगणातच पाच पीएसआय हवा सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई-बाबा गडचांदूरला निघाले. अॅप माझ्या मोबाईलवर, आणि मी गाढ झोपेत. सिमेंटच्या ट्रकला साईड देताना एका वळणावर बाईक मागून डोलायला लागली. बाबांनी थांबून गेज लावला : जेमतेम २५. पंक्चरवाल्याकडे हवा भरून ते पुढे गेले. कुणाला काही झालं नाही. पण संध्याकाळी "काऊन रे, हवा तू सोडली का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला मान वर करता येईना.

गंमत म्हणजे सेन्सर चुकला नव्हता, चुकलो मी. बारावीचं फिजिक्स आठवा. गेज दाखवतो तो वातावरणाच्या वरचा दाब. म्हणजे २९ मध्ये १४.७ मिळवायचे, झाले ४३.७. सकाळी टायरमधली हवा ३० अंश (३०३ केल्विन) आणि दुपारी तापलेल्या रस्त्यावर ६५ अंश (३३८ केल्विन) धरली, तर ४३.७ चे होतात सुमारे ४८.७. त्यातून १४.७ वजा करा. आले ना ३४? कंपनीचे २९ हे थंड टायरचे असतात. गरम टायर २९ वर आणला की सकाळी तो २५ च्या खाली जाणारच.

म्हणून "टीपीएमएस अचूक की हातातला गेज?" हा प्रश्नच मला आता अर्धवट वाटतो. बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकलींवरचं टीपीएमएस दाब २० अंशांना किती असेल ते काढून दाखवतं. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या दुपारी सावलीत उभ्या गाडीला गेज ३३ दाखवेल आणि तेव्हा डॅशबोर्ड २९. भांडण लावून द्या हवं तर, पण दोघंही खरं बोलतायत :)

आता अचूकतेचं. स्वस्त टोपीवाल्या सेन्सरच्या खोक्यावर बऱ्याचदा ±०.१ बार लिहिलेलं असतं, म्हणजे जवळपास दीड पीएसआय. मग स्क्रीनवरचा दशांश निव्वळ शोभेचा. हा सेन्सर चाकाच्या बाहेर, वाऱ्यात फिरतो, त्यामुळे तो दाखवतो ते तापमानही आतल्या हवेचं नसतं. पण गेज तरी कुठे देव आहे? खाली पडला, स्प्रिंग सैल झाली की तोही बिघडतो, आणि दर वेळी नीट न लावल्यास फुस्स करून थोडी हवाही घेतो.

मूळ मुद्दा हेतूचा आहे. अमेरिकेत फायरस्टोन टायरच्या अपघातांनंतर २००० साली कायदा झाला आणि पुढे नव्या गाड्यांत टीपीएमएस सक्तीचं झालं. तिथला नियम काय, तर दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के खाली गेला की दिवा लागला पाहिजे. मोटरसायकली त्यात नाहीतच. म्हणजे जन्मापासून ही वस्तू राखणदार आहे, तराजू नव्हे. आपल्या भाषेत सांगायचं तर मॉनिटरिंगचा अलर्ट. अलर्ट बघून कुणी थेट प्रॉडक्शनमध्ये बदल करतं का? मी केला!

तर माझं मत असं : हवा सकाळी, थंड टायरवर, नेहमीच्या एकाच गेजने ठरवा. त्याच वेळी टीपीएमएसचा आकडा बघून ठेवा. रोज एकच फरक येत असेल तर काळजी नको, फरक बदलायला लागला तर कुणीतरी बिघडलंय. रस्त्यात मात्र राखणदाराचं ऐका. खिळ्याने हळूहळू उतरणारी हवा डिक्कीतल्या गेजला कळत नाही. आणि गरम टायरची हवा कधीच सोडू नका.

सेन्सर अजून बाबांच्या बाईकवर आहेत, फक्त अॅप आता त्यांच्या मोबाईलवर आहे. गेजही डिक्कीतच आहे. असो. उद्या सकाळी गाडी काढण्याआधी दोन मिनिटं द्या, एवढंच.