गाडीवरचं डांबर आणि हातावरचं

धुळे-सोलापूर महामार्ग असो की गावचा रस्ता, नवं डांबर पडलं की आमच्या बीडमध्ये गाडीवाले कुरकुरतात. मला ते पटत नाही. पत्र्यावरचे ठिपके निघतात. ब्लेडने खरवडू नका. खोबरेल तेल लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मऊ कापडाने पुसा, साबणाने धुवा. डांबर खनिज तेलातूनच निघतं, म्हणून तेलाने सुटतं, पाण्याने नाही.

पण तेच डांबर कढत असताना अंथरणाऱ्यांचं काय? माझ्या वर्गातल्या काही मुलांचे वडील या कामावर जातात. ते हात डिझेलने धुतात. कातडी कोरडी पडून भेगाळते. ठेकेदाराने हातमोजे, बूट आणि हात धुवायला गोडं तेल द्यायलाच हवं. गाडीच्या रंगाला जपतो, तेवढं तरी माणसाच्या कातडीला जपू या.