पॅनलला एक चिन्ह द्या

जानेवारी 2021 मध्ये ज्या ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले, त्यांची पाच वर्षांची मुदत सरली असल्यामुळे पुढील निवडणुकीच्या तयारीस लागलेल्या सरपंच, सदस्य व पॅनलप्रमुख वाचकांची जी पत्रे आमच्याकडे येत आहेत, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे. निवडणूक कागदोपत्री पक्षविरहित आणि कोणते पॅनल कोणत्या पक्षाचे हे मात्र पारावर बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक, अशी स्थिती असताना मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह का नसावे, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्यांनी सुचविलेला उपाय मात्र आम्हास मान्य नाही.

प्रथम मूळ दुखण्याविषयी. माघारीची मुदत दुपारी तीनला संपून चिन्हवाटप झाले की मतदानाला जेमतेम दहा दिवस उरतात. 2021 साली माघारीचा दिवस 4 जानेवारी होता आणि मतदान 15 जानेवारीला झाले. त्या दहा दिवसांत एकाच पॅनलच्या, एकाच जाहीरनाम्यावर उभ्या असलेल्या, एकाच प्रभागातील तीन उमेदवारांपैकी एकास कपबशी, दुसऱ्यास छत्री व तिसऱ्यास कपाट मिळालेले असते. जेथे सरपंच थेट निवडावयाचा तेथे चौथे चिन्ह निराळेच. ज्या म्हातारीने जन्मभर विधानसभेला एकच चिन्ह ओळखून मत दिले, तिने ही चार चिन्हे जागांच्या क्रमाने ध्यानात ठेवून यंत्रावरील चार कळा दाबाव्यात अशी अपेक्षा असते. मग अंबड व जालन्याचे छापखाने रात्रभर चालतात, नमुना मतपत्रिका घरोघर वाटल्या जातात, आणि ज्याच्यापाशी छपाईला व माणसे फिरवायला पैसा अधिक, त्याचीच चिन्हे लोकांच्या लक्षात राहतात. ज्या व्यवस्थेने पक्षाच्या पैशाला दूर ठेवावयाचे, तिनेच त्याची निकड निर्माण केली आहे. त्यातही खर्चाचा हिशेब प्रत्येक उमेदवाराने आपापला रुजू करावयाचा आणि तो मुदतीत न दिल्यास ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14-ब खाली अनर्हतेस पात्र व्हावयाचे. हँडबिल पॅनलचे, सभा पॅनलची, जीप पॅनलची. परंतु पॅनल नावाची वस्तू शासनाच्या दप्तरात कोठेही नाही.

दप्तरात नसलेल्या वस्तूला जाबही विचारता येत नाही. पाणीपुरवठ्याचे वचन ज्या पॅनलने दिले, त्याचे सदस्य उपसरपंचाच्या निवडणुकीच्या दिवशीच दुसऱ्या गटात जाऊन बसले, तर मतदाराने कोणत्या कागदावर बोट ठेवावे? महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986 याने जिल्हा परिषद, पंचायत समिती व नगरपालिका यांच्यासाठी पक्षाप्रमाणेच 'आघाडी' या संज्ञेचीही व्याख्या केली आहे. स्थानिक गट ही गोष्ट कायद्याला अपरिचित नाही. ग्रामपंचायतीच्या उंबऱ्याशी येताच तिची ओळख का बुजावी, याचा खुलासा कोणत्याही कार्यालयाने केलेला आमच्या पाहण्यात नाही. तहसीलीत विचारले असता राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशाकडे बोट दाखविले जाते आणि विषय तेथेच संपतो.

आणि निकालाची संध्याकाळ! 2021 साली 14,234 ग्रामपंचायतींची निवडणूक जाहीर झाली होती. निकालानंतर एकाहून अधिक पक्षांनी आपणच प्रथम क्रमांकावर असल्याचे जाहीर केले आणि त्यांतील एकाचाही दावा पडताळून पाहण्याचे साधन उपलब्ध नव्हते, कारण राज्य निवडणूक आयोगाच्या लेखी ते सर्व विजयी उमेदवार कोणत्याच पक्षाचे नव्हते. डिसेंबर 2022 मध्ये तेच झाले, नोव्हेंबर 2023 मध्येही तेच.

मतपत्रिकेवर ओळखीची दुसरी खूण नसली की मतदार आडनाव वाचतो. 2023 च्या ऑगस्टनंतर अंतरवाली सराटी आणि 2024 च्या जूनमध्ये आमचे वडीगोद्री ही नावे आरक्षणाच्या आंदोलनांमुळे सर्व महाराष्ट्राच्या कानी गेली. शेजारच्या शेतांत पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या सावडीने पेरणी करणाऱ्या माणसांत जे अंतर त्या काळात पडले, ते आम्ही येथे राहून पाहिले आहे. अशा गावांत उमेदवाराच्या नावापुढे त्याच्या कार्यक्रमाची एकही खूण असू नये आणि जात सांगणारे आडनाव मात्र ठळक असावे, हे आम्हास धोक्याचे वाटते.

मग पक्षाचेच चिन्ह का नको? अशोक मेहता समितीने 1978 साली पक्षांच्या उघड सहभागाची शिफारस केली होती, आणि केरळ व पश्चिम बंगाल येथे ग्रामपंचायतीपर्यंत पक्षचिन्हे चालतात. परंतु त्याच बंगालमध्ये 2018 साली पंचायतींच्या सुमारे एक तृतीयांश जागांवर मतदानच झाले नाही, कारण तेथे दुसरा उमेदवार उरला नव्हता. पक्षाचा झेंडा एकदा ग्रामपंचायतीवर चढला की विरोधी पक्षाच्या सरपंचाला निधीसाठी कोणाकोणाचे उंबरे झिजवावे लागतील, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पक्षविरहिततेने शुचिता आपोआप येते असेही नाही. 2021 मध्ये सरपंचपदाचा लिलाव झाल्यामुळे नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबारमधील खोंडामळी येथील निवडणूक आयोगाला रद्द करावी लागली होती. जयप्रकाश नारायण यांनी पुरस्कारलेली पक्षविरहित लोकशाही विचारमंथन करणाऱ्या ग्रामसभेवर उभी राहावयाची होती. आपल्याकडे ग्रामसभेची गणपूर्ती न झाल्याने ती तहकूब होते, आणि त्याबद्दल आम्ही अधिकाऱ्यांइतकाच दोष आपल्या सदस्यांनाही देतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. गावापुरत्या पॅनलची नोंदणी उमेदवारी अर्जांच्या वेळीच व्हावी. त्याच्या सर्व उमेदवारांस मुक्त चिन्हांपैकी एकच चिन्ह द्यावे. मतपत्रिकेवर चिन्हाशेजारी पॅनलचे नाव छापावे. उमेदवार एखाद्या पक्षाचा सभासद असेल तर ते त्याने शपथपत्रात नमूद करावे आणि ते शपथपत्र ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, मतपत्रिकेवर नव्हे. मतदाराला माहिती मिळेल, आणि गावाची निवडणूक गावाचीच राहील.

यासाठी आयोगाच्या पत्राची वाट पाहत बसू नका. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, ठराव इतिवृत्तात नोंदवावा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत तहसीलदारांमार्फत राज्य निवडणूक आयोगाकडे पाठवून पोच घ्यावी. ग्रामपंचायत अधिकारी टाळाटाळ करीत असतील तर सदस्यांनी लेखी मागणी द्यावी. आणि जे पॅनलप्रमुख आम्हास पत्रे लिहितात, त्यांनी या खेपेसच आपल्या हँडबिलावर प्रत्येक उमेदवाराचा पक्ष स्वतःहून छापावा. त्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.