"मला ओळखलंत का?" असे विचारू नका



घरात स्मृतिभ्रंश झालेल्या आजी असल्या की येणारा-जाणारा हमखास विचारतो, "आजी, मला ओळखलंत का? नाव सांगा बघू!" हेतू चांगलाच असतो. पण नाव आठवले नाही की आजी खजील होतात. असे चार वेळा झाले की त्या बोलायचेच सोडतात. मग घरचे म्हणतात, "म्हातारचळ लागला, त्यांना आता काही कळत नाही."

हा म्हातारचळ नव्हे, मेंदूचा आजार आहे. तो पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. पण माणसाचे बोलणे टिकवण्यासाठी घरच्यांना बरेच काही करता येते.

इंग्लंडमध्ये एमी स्पेक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी गटाने करायचा एक कार्यक्रम तयार केला. सौम्य ते मध्यम आजार असलेल्या लोकांचा छोटा गट, आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटे. सात आठवड्यांत १४ बैठका. आधी एकमेकांकडे चेंडू टाकायचा, गाणे म्हणायचे. मग खाणे, पैसा, बालपण अशा एखाद्या विषयावर गप्पा. २०१ रुग्णांवरील त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. भाग घेणाऱ्यांची आकलनशक्ती व राहणीमानातले समाधान इतरांपेक्षा चांगले आढळले.

त्यातला मुख्य नियम असा : माहिती विचारू नका, मत विचारा. "काल काय जेवलात?" याचे उत्तर चुकू शकते. "भाकरी ज्वारीची बरी की बाजरीची?" याचे उत्तर कधीच चुकत नाही.

हे घरीही जमेल. शेजारच्या दोन-तीन आजी-आजोबांना बोलवा. मेथी निवडायला, शेंगा सोलायला एकत्र बसवा. पत्ते किंवा कॅरम मांडा. टीव्ही बंद ठेवा. चष्मा, कानाचे यंत्र लावले आहे ना, ते पाहा. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट पाहा. चूक काढू नका, हसू नका. दमले की थांबा. नातवंडांनाही सामील करून घ्या. मात्र एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

ज्यांनी आयुष्यभर कष्ट करून घर उभे केले, त्यांचे मत त्या घरात कुणी विचारीनासे व्हावे, हे आजाराहून मोठे दुःख आहे. आज संध्याकाळीच विचारून पाहा : "आजी, चहात आलं घालू की गवती चहा?"