हौसेची व्हॅन आणि हिशेबाची वही

दारव्हा तालुक्यातील एका वाचकांचे पत्र यंदा दिवाळीच्या तोंडावरच आले. घरात सात माणसे, शेत गावापासून दूर, आई आजारी, आणि एस. टी. चा भरवसा नाही. यवतमाळच्या बाजारात 2011 सालची मारुती ऑम्नी 80,000 रुपयांना मिळते आहे. सीतादही झाले, कापूस घरात यायला लागला. तेव्हा पैसा हाती येताच गाडी घ्यावी काय, असा त्यांचा प्रश्न आहे. अशी पत्रे पुसद, वणी, घाटंजीकडूनही येतात, म्हणून उत्तर येथेच देतो.

घ्या, पण 80,000 ही गाडीची किंमत समजू नका. तो नुसता प्रवेश-दाखला आहे.

वहीच उघडून पाहू. महिन्याला 1,000 किलोमीटर फिरणे धरले, जुन्या व्हॅनने लिटरला 14 किलोमीटर दिले आणि पेट्रोल 105 रुपये धरले, तर महिन्याचे साडेसात हजार झाले. वर्षाचे नव्वद हजार! म्हणजे पहिल्या वर्षातच गाडीपेक्षा पेट्रोल महाग पडले. त्यावर विमा. 2022 साली ठरलेल्या दराप्रमाणे 1,000 सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीचा नुसता तृतीय-पक्ष विमा 2,094 रुपयांचा, कर वेगळा. टायर, बॅटरी, तेलपाणी यांचे बोलायलाच नको. म्हणून आमचे सांगणे असे की, एक लाख जवळ असतील तर साठ-सत्तर हजारांची गाडी पाहावी आणि उरलेले पैसे पहिल्या सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवावे. ते लागतातच.

आता गाडीकडे वळू. मारुतीने ही व्हॅन 1984 साली आणली, पुढे 1988 मध्ये तिला ऑम्नी हे नाव मिळाले आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरांचे 796 सीसीचे इंजिन, ते पुढच्या बैठकीच्या खाली, आणि जोर मागच्या चाकांना. साधी गाडी आहे. तालुक्याच्या ठिकाणचा कोणताही मिस्त्री ती डोळे मिटून खोलतो आणि सुटे भाग सहज मिळतात. हाच तिचा मोठा गुण.

दोष मात्र त्याच रचनेत दडला आहे. इंजिन बुडाखाली आणि रेडिएटर नाकाशी, त्यामुळे पाणी नेणारे पाइप गाडीच्या पोटाखालून लांबवर जातात. पांदणीच्या दगडांनी ते ठेचतात, चिखलाने गंजतात, रबरी होज पाइप उन्हाने कडक होऊन चिरतात. आपल्याकडचा उन्हाळा 45 अंशांवर जाणारा. त्यात बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय! चुलीवरच्या पातेल्याला आतून जशी पांढरी खपली धरते तशीच ती रेडिएटरच्या नळ्यांना धरते. मग सपाटीवर गाडी गुमान चालते आणि पुसदच्या बाजूचा घाट लागला, आत आठ माणसे असली, की काटा वर चढतो. तशीच दामटली तर हेड गॅसकेट जळते, कधी हेडच वाकते, आणि दोनशे रुपयांच्या पाइपापायी हजारोंचे काम निघते.

म्हणून गाडी पाहायला सकाळी जावे आणि विकणाराला आधीच सांगावे की आम्ही येण्यापूर्वी गाडी चालू करू नका. पुढची बैठक उचलून इंजिनाला हात लावून पाहावा. ऊन लागले तर समजावे की काही तरी लपवायचे आहे. इंजिन गार असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग नको. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी तेलात शिरले म्हणून समजा आणि घरी परत या. चालू केल्यावर निळा धूर निघाला तर इंजिन तेल खाते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही तर पुन्हा तेच गॅसकेट. विकणारा म्हणेल, "भाऊ, गाडी मख्खन हाये, एक चक्कर मारून पाहा." एक चक्कर नव्हे, घरची माणसे बसवून वीस-पंचवीस किलोमीटर, चढ असलेल्या रस्त्याने न्यावी.

गाडी घेतल्यावर जुने पाणी काढून कूलंट भरावे. भरताना इंजिन चालू, झाकण उघडे, आणि बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश. इतके लांब पाइप असल्यामुळे आत हवा अडकली तर भरलेली गाडीही तापते, आणि मिस्त्री बिचारा थर्मोस्टॅट बदलत बसतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागदोपत्री पुरावा नसेल तर तोही लगेच बदलावा. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. पंपावर ओले फडके गुंडाळणारे ड्रायव्हर आपण पाहिलेच असतील. 2011 च्या गाडीला तो त्रास नाही. मात्र हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते आणि जुने रबर त्याला टिकत नाही, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या नव्या घालाव्या.

दुसरा शत्रू गंज. काळ्या मातीचा चिखल दाराखालच्या पट्टीत आणि चाकांच्या कमानींत बसला की पोळ्यापर्यंत ओलाच राहतो. पायाखालची मॅट उचलून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकून पाहा. खणखण वाजला तर ठीक. बद्द वाजला तर आत लांबी भरली आहे. एक छोटे लोहचुंबक खिशात ठेवावे, लांबीवर ते चिकटत नाही. इंजिन दुरुस्त होते, सडलेला तळ होत नाही. रंग नवाकोरा दिसला तर आनंद मानण्याऐवजी विचारा, का दिला?

सरकता दरवाजा अडत असेल तर बहुधा त्याची चाके झिजलेली असतात. स्वस्त काम आहे. मागचे पाटे बसले असतील, क्लच घसरत असेल, तर भावात कमी करून घ्यावे.

कागदांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. वरील वाचकांची गाडी डिसेंबर 2011 ची आहे, म्हणजे तिची मुदत डिसेंबर 2026 मध्ये संपते. फेरनोंदणी पाच वर्षांसाठी होते आणि तिची फी एप्रिल 2022 पासून मोटारीला 5,000 रुपये आहे. वीस वर्षांवरील गाडीला ऑगस्ट 2025 पासून 10,000. पर्यावरण कर निराळा, आणि तपासणीपूर्वी गाडी नीट करण्याचा खर्च निराळाच. हे सगळे भाव ठरवतानाच वजा करावे. फॉर्म 29 व 30 वर सह्या घेऊन गाडी आपल्या नावावर होईपर्यंत सगळी रक्कम देऊ नये.

पत्रात शेवटी एक ओळ आहे: सकाळी गावातली दहा-बारा पोरे शाळेत सोडली तर हप्ता निघेल, आणि गाडीत गॅसही बसवलेला आहे. खरे तर पत्राचे पहिले वाक्य हेच हवे होते.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते, किंवा दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. तेव्हा वावर विकायची पाळी येते. गॅसचे तर त्याहून वाईट. नोव्हेंबर 2024 मध्ये जळगावात घरगुती सिलिंडरमधून ऑम्नीत गॅस भरताना स्फोट झाला. अनेक जण भाजले, त्यांतले काही दगावले. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. तो उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचतो. या गाडीचे इंजिन बैठकीखाली, टाकी मागच्या बाकाशी, आणि मध्ये ही पोरे!

तेव्हा विकणाराला नोंदणी-पुस्तक मागा आणि इंधनाच्या रकान्यात एलपीजीची नोंद आहे का ते पाहा. नोंद असेल तर टाकीवरची तपासणीची तारीख वाचा. नोंद नसेल, तर किट आणि टाकी त्याच्याच अंगणात काढून घेऊन गाडी निव्वळ पेट्रोलवर द्यायला सांगा. तो "मंग भाव वाढन" म्हणाला, तर यवतमाळात दुसऱ्या ऑम्नी पुष्कळ आहेत.